बहात्तरचा दुष्काळ कुणाचा?



तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे कोणी माणूस असेल, तर आज रात्री जेवणे उरकल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि एवढेच विचारा, "बहात्तरला तुम्ही कुठल्या कामावर होता?" कामावर होता का, असे विचारायचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यात त्या साली कामावर न गेलेले घर शोधून काढावे लागेल. उत्तर लगेच येईल. कोणी रस्त्याची खडी फोडली, कोणी पाझर तलावाच्या भरावावर माती टाकली, कोणी नाल्याला बांध घातला. त्यामागून मिलोची लाल भाकरी येईल, सुकडी येईल, कवडीमोलाने विकलेली बैलजोडी येईल. मग बोलणारे माणूस जरा थांबेल. तुम्हीही थांबा. घाई करू नका.

माझा जन्मच त्या सालचा. त्यामुळे मला त्यातले आठवण्याचा प्रश्न नाही. आई सांगत असे, की लिंबाच्या फांदीला झोळी बांधून ती मला त्यात टाकी आणि दिवसभर पाट्या वाही. गावात मला पुष्कळ दिवस "बहात्तरचे पोर" म्हणत. पुढे कृषि खात्यात आलो, विस्ताराच्या कामावर गावोगाव हिंडलो, आणि ध्यानात आले की हे साल माझा पाठलाग सोडत नाही. मात्र सभेत ऐकू येणारे बहात्तर साल आणि आईच्या तोंडून ऐकलेले बहात्तर साल ही दोन वेगळीच साले होती. त्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

आधी एक सांगून टाकतो. मी सरकारी नोकर आहे. कोणत्या पक्षाचे नाव घेण्याची मला मुभा नाही आणि गरजही नाही. जी सवय मी सांगणार आहे ती सर्वांचीच आहे, आणि थोडी आपलीही आहे.

त्या साली काय झाले

१९७० पासूनच पावसाने हात आखडता घेतला होता. पुढच्या वर्षी पुष्कळ भागांत खरीप निम्मेशिम्मे आले, आणि १९७२ मध्ये पावसाने पाठच फिरवली. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, नगर, सोलापूर या पट्ट्याला सर्वांत मोठा तडाखा बसला. (आज यांतल्या तीन जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर अशी आहेत. जालना तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता, तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) राज्यातले धान्याचे उत्पादन निम्म्याच्या आसपास आले. गावात काम नाही, कामाविना मजुरी नाही, मजुरीविना दुकानातले धान्यही आपले नाही, असा तो फेरा होता.

हा फेरा किती जीव घेतो ते १९४३ साली बंगालमध्ये दिसले होते. तिथे लाखो माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगराईने मेली. धान्य तिथे अगदीच नव्हते असे नाही. ते विकत घ्यायला गरिबाच्या हातात पैसा नव्हता. महाराष्ट्रात तसे घडले नाही, याचे मोठे कारण म्हणजे सरकारने काढलेली कामे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. इतक्या लोकांच्या हातात आठवड्याला थोडीफार मजुरी पडली, बाजारात मागणी झाली, आणि त्या मागणीपाठोपाठ धान्य सरकत आले. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे महाराष्ट्राचे हे उदाहरण जगापुढे ठेवले.

म्हणून कोणाचेच काही गेले नाही असे समजू नका. माणसे जगली, पण पोटाला चिमटा घेऊन जगली. गुरे गेली, दागिने गेले, पोरांच्या शाळा सुटल्या, आणि कित्येक घरांनी मुंबई-पुण्याची वाट धरली ती कायमची.

त्या दुष्काळातून एक फार मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यावरून १९७२ मध्ये रोजगार हमी योजना आखली गेली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला होता. आजही माझ्या पगारपत्रकात ती कपात असते. बरोबरीचे लोक कुरकुरतात. मी त्यांना सांगतो, की बाबांनो, ही आपल्या आईच्या पाटीची आठवण आहे, कुरकुरू नका. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हाही महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्याचा पहिला टप्पा २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला जिल्हा होता.

आता एक गंमत ऐका, तिला गंमत म्हणावे की नाही ते तुम्ही ठरवा. ज्याला आपण सगळे "बहात्तरचा दुष्काळ" म्हणतो, तो सरकारी कायद्याच्या भाषेत दुष्काळ नव्हताच. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून दुष्काळ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी टंचाई हा शब्द घातला. म्हणजे नऊ वर्षांनी दुष्काळ आला तेव्हा त्याला कागदावर बसायला जागाच नव्हती. दुष्काळ हे नाव त्या सालाला लोकांनी दिले आणि लोकांनीच टिकवले.

सभेतले बहात्तर साल

पण लोकांनी टिकवलेले हे नाव पुढे सभा-संमेलनात फार कामाला आले. जुलैत पाऊस पंधरा दिवस लांबला की ते बाहेर निघते. २०१२-१३ मध्ये तर "बहात्तरनंतरचा सर्वांत मोठा दुष्काळ", "बहात्तरपेक्षा भीषण" हे शब्द ऐकून कान किटले. २०१५-१६ मध्ये तेच झाले, २०१८ मध्ये तेच, २०२३ मध्येही तेच.

२०१३ च्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातल्या एका गावी गुरांच्या छावणीवर सभा होती. मी चाऱ्याविषयी दोन शब्द बोलायला गेलो होतो. पाहुणे म्हणाले, हे बहात्तरपेक्षा मोठे संकट आहे, निसर्गापुढे कोणाचे काय चालते, तरीही आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ येऊन टेकल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, बहात्तरला आमच्या हिरीला पाणी होतं. थोडं होतं, पण पोहरा बुडत होता. घरात पीठ नव्हतं. आता रेशनचं पीठ हाय, अन् हिरीच्या तळाला खापरं दिसायलेत. हे बहात्तर कसं म्हणावं?"

बंधूंनो, इतके नेमके निदान मी कोणत्याही अहवालात वाचले नाही. बहात्तरला अन्नाचा दुष्काळ होता. पाणी सगळीकडे पुरेसे होते असे नव्हे, कित्येक गावांनी तेव्हाही पाण्यासाठी कोस-कोस पायपीट केली. पण विहिरी ३०-४० फुटांच्या होत्या, त्यांवर मोटा होत्या, आणि मोटेने उपसून उपसून माणूस किती उपसणार? बैल थकले की उपसा थांबे. जमिनीतले पाणी संपवण्याची ताकदच आपल्या हाती नव्हती.

ती ताकद नंतर आली. आपल्या मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, बाकी सगळा कठीण दगड. वरचा थर पावसाने वर्षा-दोन वर्षांत भरतो. खोल भेगांतले पाणी मात्र साठायला फार काळ लागलेला असतो. आपण विजेचे पंप बसवले, मग बोअर घेतले. दोनशे फूट, चारशे फूट, आता काही ठिकाणी आठशेच्या खाली गेलो. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, याच्या खाली जाणाऱ्या विहिरींवर बंधन घालणारा भूजल कायदा २००९ सालचा आहे. बोअरची गाडी गावात येते तेव्हा तो कायदा कोणी आठवतो का, हे तुम्हीच सांगा. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपल्या आजोबांनी आपल्यालाच बजावून ठेवली होती.

आता "बहात्तरसारखा दुष्काळ" या शब्दांत काय दडले आहे ते पाहा. बहात्तर म्हटले की आभाळाकडे बोट जाते. पाऊस पडला नाही, दैव फिरले, कोणाचा दोष नाही. मग धरणातले पाणी कुठे गेले, छावणीच्या शेजारी हिरवागार ऊस कोणाच्या पाण्यावर उभा आहे, टँकरच्या किती खेपा कागदावर आणि किती गावात, हे विचारायचे राहून जाते.

जायकवाडीचेच घ्या. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. बहात्तरला ते धरण बांधून व्हायचे होते, म्हणून पाणी नसण्याला तेव्हा कारण होते. २०१२ मध्ये धरण उभे होते, मराठवाड्याची मोठी आशा होते, आणि तरीही ते रिते होते, कारण वरच्या अंगाला नाशिक-नगर जिल्ह्यांत किती पाणी अडवायचे याचा हिशेब लागत नव्हता. शेवटी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी समन्यायी वाटपाचा निर्णय दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र त्यातून आले. तो निर्णय उच्च न्यायालयातही टिकला. हे भांडण माणसा-माणसांतले होते आणि माणसांनीच ते मिटवायचे होते. बहात्तरचे नाव घेऊन आभाळाकडे पाहत बसलो असतो तर वरून एक थेंब आला नसता.

उसाविषयी बोललो तर काहींना राग येईल. येऊ द्या. एक हेक्टर उसाला वर्षाकाठी साधारण दोन कोटी लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. तुम्हीच गुणाकार करा. शेतात पडलेला सगळा पाऊस, एक थेंबही वाहून न जाता, उसाला दिला तरी पुरत नाही. उरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून येते. यात मी स्वतःला वगळत नाही. मी ठिबकाचा पुष्कळ प्रचार केला, आणि ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी एक एकर ऊस लावलेला मी पाहिला आहे. शेवटी २०१३ मध्ये जालना-पैठण भागात मोसंबीच्या जळालेल्या बागांवर कुऱ्हाड चालवताना जे रडले, त्यांना "बहात्तर" म्हणून धीर द्यायला मला तोंड नव्हते. बहात्तरला त्यांच्या वडिलांकडे ज्वारी-बाजरी होती. पीक बुडाले तरी लाखाचे कर्ज बुडत नव्हते.

शब्दाची किंमत

तुम्ही म्हणाल, भाषणात काय वाटेल ते म्हणोत, आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो. भाषणातला दुष्काळ फुकट असतो, पण कागदावरच्या दुष्काळाला पैसे मोजावे लागतात.

दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचे पुनर्गठन होते, शेतीच्या कर्जाची वसुली थांबते, पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, शाळा-कॉलेजच्या मुलांची परीक्षा फी माफ होते, टँकर सुरू होतात आणि पंपाची वीज तोडली जात नाही. म्हणून सभेत "बहात्तरपेक्षा भीषण" म्हणणारी यंत्रणा कागदावर मात्र "टंचाईसदृश", "दुष्काळसदृश" असे जपून लिहिते. २०१५-१६ ला प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मे २०१६ मध्ये राज्याने २९ हजारांहून अधिक गावांसाठी "दुष्काळसदृश" ऐवजी "दुष्काळ" असे वाचावे म्हणून मान्य केले. एका शब्दासाठी उन्हाळा संपत आला होता.

पूर्वी सारे पैसेवारीवर ठरे. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली तर सवलत. पीककापणीच्या प्रयोगाला मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. एका गावचा आकडा पन्नाशीच्या किंचित वर गेला आणि गाव सवलतीतून बाहेर पडले. त्या गावचे लोक मला पुढे वर्षभर भेटत, रामराम करत, आणि काही बोलत नसत. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, भूजल असे निकष आले. त्यानुसार २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुके जाहीर झाले, २०२३ मध्ये ४०. राहिलेल्यांनी आरडाओरडा केल्यावर मंडळांची वेगळी यादी निघाली, आणि तिथे पुन्हा तो "सदृश" आला.

अशा वेळी बहात्तरची आठवण कामाची नाही, यंदाची नोंद कामाची आहे. पर्जन्यमापक महसूल मंडळात एक असतो आणि मंडळात गावे पुष्कळ. मंडळाच्या ठिकाणी झोडपले आणि तुमच्या शिवारात शिंतोडे पडले, असे नेहमी होते. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा एखादा डबा झाडा-घरापासून दूर मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, मिलिमीटरमध्ये वहीत लिहा, डबा रिकामा करा. घरातली शाळकरी मुलगी हे काम आनंदाने करील. विहिरीच्या पाण्याची पातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजा. सरकार तुमची वही पुरावा म्हणून मानेलच असे मी सांगत नाही. पण ग्रामसभेत "यंदा फार कमी पाऊस" असे म्हणणाऱ्यापेक्षा "जूनपासून आजवर इतके मिलिमीटर, त्यात इतक्या दिवसांचा खंड" असे सांगणाऱ्याला गप्प करणे अवघड जाते.

आठवण किती फसवते याचे एक उदाहरण देतो. गाजरगवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत, बहात्तरच्या मिलोबरोबर अमेरिकेतून आले, असे पुष्कळ गावांत ठामपणे सांगतात. एका पक्षाचे नाव त्याला चिकटल्यामुळे ही गोष्ट वक्त्यांनाही आवडते. खरे म्हणजे पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची आहे, बहात्तरच्या सतरा वर्षे आधीची. गवत उपटून काढावे लागते ते लागतेच, पण निदान तारीख तरी सरळ असावी.

श्रेयाचेही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले. पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. गाडी पोचते न पोचते तोच पाणी कोणी आणले याचे वाद सुरू झाले. जलयुक्त शिवार योजना डिसेंबर २०१४ मध्ये आली ती दुष्काळमुक्तीचे नाव घेऊन. २०२० मध्ये महालेखापालांच्या अहवालाने म्हटले, की ९,६०० कोटींहून अधिक खर्चूनही भूजलावर फारसा परिणाम दिसत नाही. मग सरकार बदलले की चौकशी, पुन्हा बदलले की योजनेचा दुसरा भाग. मी त्या कामांवर होतो. काही गावांत उत्तम काम झाले, विहिरींना पाणी वाढले. काही गावांत यंत्राने नाला इतका खोल कोरला की वरच्या विहिरींचे पाणीच त्यात उतरले. दोन्ही खरे आहे, पण सभेत एका वेळी एकच खरे चालते.

तलावाची पन्नाशी

२०२२ मध्ये बहात्तरला पन्नास वर्षे झाली. फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी त्या सालचा पाझर तलाव आहे. गावाने तलावाची पन्नाशी करायची ठरवली, आणि गाळ काढण्याविषयी बोलायला मला बोलावले. गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गटांचे फलक. एका फलकावर तेव्हाच्या नेत्यांचे फोटो आणि त्यांच्या शेजारी आजच्यांचे. दुसऱ्यावर फक्त आजच्यांचे. मंडपात एक वक्ते म्हणाले, हा तलाव आमच्या नेत्यांच्या दूरदृष्टीचे फळ. दुसरे म्हणाले, ज्यांनी तुमच्या आया-बहिणींना खडी फोडायला लावली त्यांना विसरू नका. दोघेही बहात्तरविषयीच बोलत होते. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्या बायका कर्ण्याच्या मागे जमिनीवर बसल्या होत्या, त्यांना धड ऐकूही येत नव्हते. तलाव मंडपापासून एक फर्लांगावर होता. तिकडे कोणी गेले नाही.

माझा नंबर आला तेव्हा मंडप निम्मा रिकामा झाला होता. मी थोडक्यात सांगितले ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्या गावातही असा तलाव असेल. पाझर तलावाचे काम पाणी धरून ठेवण्याचे नाही, मुरवण्याचे आहे. वरून येणारी बारीक चिकणमाती तळाला बसते आणि मुरमाची तोंडे बुजवते. मग तलाव भरलेला दिसतो, पण खालच्या विहिरी कोरड्याच, आणि पाणी उन्हाने उडून जाते. गाळ काढायचा तो मुरूम लागेपर्यंत, भरावाच्या पायथ्यापासून दूर राहून. भरावावरची वेडी बाभूळ मुळासकट काढायची आणि खेकड्यांची बिळे बुजवायची. गाळ टाकायचा तो हलक्या, मुरमाड रानात. एकरी एक इंच थराला सुमारे शंभर घनमीटर गाळ लागतो. मुळातच भारी काळी जमीन असेल तर गाळ टाकू नका, निचरा बिघडतो.

सभा संपल्यावर मी एकटाच तलावाकडे निघालो. मागून एक आजी काठी टेकत आल्या. भरावावर चढल्यावर त्यांनी काठीने दाखवले, "तिथून त्या दगडापर्यंत आमच्या टोळीचं." पन्नास वर्षांनी त्यांना तुकडा ओळखू येत होता. पुढे सांडव्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं दरड ढासळली होती. दोघी खाली गेल्या. एकीचं पोर अंगावर पीत होतं. ते आमच्या जाऊबाईनं पाजलं." मी विचारले, हे आज मंडपात कोणी बोलले का? त्या हसल्या. "त्यांना काय माहीत? अन् आम्हाला विचारलं कुणी?"

गावातले शाळेचे गुरुजी तोवर तिथे आले होते. त्यांनी दोघींची नावे विचारली आणि खिशातल्या कागदावर टिपली. मस्टर कुठे मिळते का, याची आम्ही नंतर चौकशी केली, ते काही हाती लागले नाही. मग गुरुजींनी शंभर पानी वही घातली. शनिवारी शाळा सुटली की ते चार पोरांना घेऊन एकेका आळीत जातात. कोण कामावर होते, कोणत्या टोळीत, मुकादम कोण, मजुरीचे पैसे वेळेवर मिळत की उशिरा, घरी परतून काय खाल्ले, असे विचारून घेतात. पहिल्या पानावर त्या दोघींची नावे आहेत. त्यातल्या एकीच्या मुलाने, ज्याला जाऊबाईंनी पाजले होते, तलावाचा गाळ काढायला स्वतःचा ट्रॅक्टर आणि डिझेल दिले. त्या उन्हाळ्यात निम्मा तलाव साफ झाला. दोन्ही गटांचे फलक पहिल्या वळवाच्या वाऱ्यात फाटून गेले होते, त्यांच्या बांबूंचा कुंपणाला उपयोग झाला.

परवा गुरुजींची गाठ पडली. वहीत ८७ नावे झाली आहेत. त्यांतली ३१ माणसे हयात होती तेव्हा लिहिली, आता १९ आहेत. खालची आळी आणि मळ्यातल्या वस्तीवरची चार घरे अजून राहिली आहेत. दिवाळीच्या सुटीत उरकतो, म्हणाले.